मागच्या पायांचा आवाज

या, जरा जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे या, कारण गोष्ट मागे राहिलेल्या माणसाची आहे आणि ती ओरडून सांगण्यासारखी नाही. एका वहिनीची आणि तिच्या नणंदेची गोष्ट. ऐकताना मध्येच डोळे पुसावेसे वाटले तर खुशाल पुसा. देवासमोर त्याची लाज बाळगू नये.

दोघी एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होत्या. तळघरात सहा यंत्रं, वर पाइपांचं जाळं, आणि इतका गोंगाट की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. वरच्या सात मजल्यांवरच्या मळलेल्या चादरी खाली यायच्या आणि धुऊन, वाळवून, घड्या होऊन परत वर जायच्या. नणंदेला लहानपणापासून चिमणी म्हणत. चाळिशी उलटली तरी चिमणीच. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलंच तर म्हणायची, "घरात एक तरी शहाणं माणूस लागतं ना." राहायला भावाकडेच, दोन खोल्यांत. भाऊ शहरातली बस चालवायचा. चिमणी त्याला दादा म्हणे, म्हणून आपणही दादाच म्हणू.

आता कामाची एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळी गोष्ट त्या रीतीवर उभी आहे.

ओल्या चादरींचा गाडा डोक्याच्याही वर भरलेला असे. तो यंत्रापासून वाळवण्याच्या खोलीपर्यंत न्यायचा तर मध्ये लांबलचक बोळ आणि त्याला दोन वळणं. पुढे एकीनं ओढायचं, मागे दुसरीनं ढकलायचं. पुढे वहिनी, मागे चिमणी. चादरींच्या ढिगामुळे दोघींना एकमेकींचं तोंड दिसत नसे. खूप वर्षांपूर्वी तिथल्या एका बाईनं ओढता ओढता मागे वळून पाहिलं होतं, गाडा तिरका झाला आणि तिचं मनगट भिंतीत चिरडलं. तेव्हापासून नियम पडला होता, पुढचीनं मागे बघायचं नाही. काही झालं तर मागचीनं हाक मारायची. हाक नाही, म्हणजे सगळं ठीक आहे. वहिनीला सतरा वर्षं त्याची इतकी सवय झाली होती की मागून येणाऱ्या पायांच्या आवाजावरून तिला सगळं कळायचं. चिमणी दमली आहे, चिमणी रुसली आहे, चिमणी मागे नुसती हात लावून चालली आहे आणि ढकलत काहीच नाही.

चिमणीच्या पायांचा आवाज ओळखायला सोपा होता. लहानपणी डावा घोटा मोडला होता, तो नीट जुळला नव्हता. त्यामुळे उजवा पाय टप् करून पडे आणि डावा थोडा घासत येई. टप्-खस, टप्-खस.

पळायचं खूळ चिमणीचंच. रुग्णालयानं एका वर्षी आपल्या लोकांसाठी दहा किलोमीटरची दौड ठेवली होती आणि फुकटात टी-शर्ट मिळत होता. चिमणी म्हणाली, "वहिनी, टी-शर्टपुरतं पळू." तो टी-शर्ट पहिल्याच धुण्यात आटला, पण पळणं काही आटलं नाही. दोन वर्षांत दोघी पूर्ण बेचाळीस किलोमीटर पळायला लागल्या. तिथेही पुढे वहिनी, मागे चिमणी. पुढचीनं वारा अंगावर घ्यायचा आणि मागे बघायचं नाही. मागचीला जमेनासं झालं तर तिनं हाक मारायची. शेवटची रेघ मात्र हात धरून ओलांडायची, म्हणजे वेळ दोघींची एकच.

ती वेळ त्या धुलाईघरातल्या आपल्या कपाटाच्या दाराला आतून लिहायच्या. चादरींवर वॉर्डाचा आकडा घालायची काळी शाई असते, कितीही धुतली तरी न जाणारी, तिनं. पहिल्या वर्षी लिहिलं, चार तास नऊ मिनिटं, दोघी. मग चार तास चार, दोघी. गेल्या वर्षी चार तास एक मिनिट, दोघी. त्या एका मिनिटानं चिमणीला वर्षभर चैन पडलं नाही.

"साठ सेकंद गं," ती घडी घालता घालता म्हणायची. "तेवढ्यात तू उशीची खोळसुद्धा घालत नाहीस."

"मग पुढच्या वर्षी तू पुढे हो, वन्सं." चिडवायचं असलं की वहिनी तिला वन्सं म्हणायची.

"मी पुढे झाले तर तू रस्ताभर माझ्या पाठीला सूचना देशील."

पण एकदा चिमणी गंभीर होऊन बोलली होती. चादरीचे दोन कोपरे तिच्या हातात, दोन वहिनीच्या. ती म्हणाली, "आपण केलेलं काम दुसऱ्या दिवशी मळून परत येतं बघ. एवढी वर्षं रोज. चारच्या आत एकदा आलो ना, तर ते कुणी मळवू शकणार नाही." वहिनीनं त्या दिवशी मनाशी ठरवलं, हिला चारच्या आत न्यायचंच.

शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात चिमणीला ताप होता. तो तिनं कुणाला सांगितला नाही. गोळ्या घ्यायची आणि कामाला यायची. शुक्रवारी गाडा ढकलताना तिला धाप लागली, छातीत दुखलं. पण धाप यंत्रांच्या आवाजात बुडून गेली, आणि पुढे ओढणारीला मागे बघायचं नव्हतं. हे सगळं नंतर कळलं.

रविवारी सकाळी आभाळ कोरडं होतं. गारठा होता, पण पळणाऱ्याला तो बरा असतो. दादा दोघींना सोडायला आला. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत दोन कोरडे टॉवेल होते, रुग्णालयाचेच, जुने झाले म्हणून काढून टाकलेले. "शेवटाला उभा राहतो," तो म्हणाला. "लवकर या. मला दुपारी बस काढायचीय."

"तुझ्या बसपेक्षा लवकर येऊ, दादा," चिमणी म्हणाली. "त्यात काय मोठंसं."

अर्ध्या वाटेपर्यंत सगळं गणित बरोबर चाललं होतं. वहिनीच्या मनगटावर घड्याळ होतं, प्रत्येक किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या थोडं वर. मागे टप्-खस, टप्-खस. मग रस्ता नदीकाठाला लागला आणि हवा फिरली. समोरून वारा आला तो दार ढकलावं तसा. पाठोपाठ पाऊस, आणि पावसात बर्फाचे बारीक कण. ते गालांवर मोहरीसारखे तडतडायचे. कडेला टाळ्या वाजवणारी माणसं पांगली. पाणी देणाऱ्या टेबलांवरचे कागदी पेले उडून गटारात गेले. वहिनीनं टोपी खाली ओढली, खांदे पाडले आणि मनात म्हणाली, मागे चिमणी आहे, जितका वारा मी घेईन तितका तिच्यापर्यंत जाणार नाही. ती रुंद झाली, असंच म्हणायला हवं. एरवी पळताना अंग चोरतात. ही बाई मुद्दाम अंग पसरून पळत होती.

एकोणतिसाव्या किलोमीटरला पाण्याचं टेबल होतं आणि लगेच पुढे रेल्वेचा पूल. पुलाखालून जाताना वरून गाडी गेली आणि सगळे आवाज एकमेकांत मिसळले. वहिनीनं कान मागे लावले. काहीच कळेना. तिची मान वळायला लागली होती, पण तिनं आवरली. पुलाबाहेर पडल्यावर पुन्हा ऐकू आलं, टप्-खस, टप्-खस. तिचा जीव भांड्यात पडला.

तिथून पुढे ती जी पळाली, तशी कधीच पळाली नव्हती. बोटं बधिर झाली होती, घड्याळाचं बटण दाबता येईना. ती मोठमोठ्यानं बोलत होती. "आणखी आठ, चिमणे. आणखी सहा. दम धर. वारा माझा, वेळ तुझी." मागून उत्तर नव्हतं, पण चिमणी पळताना कधी उत्तर देत नसेच. पाय देत होते ना उत्तर. शेवटच्या वळणावर मोठं घड्याळ दिसलं. तीन तास सत्तावन्न मिनिटं आणि पुढे सेकंद पळताहेत. वहिनी रडायला लागली. रडत रडत तिनं उजवा हात मागे केला, बोटं उघडली. रेघ आली तरी त्या हातात हात आला नाही. रेघ ओलांडून मग ती वळली.

मागे एक उंच, चष्मा घातलेला माणूस उभा होता. डावा पाय उचलून धरलेला, बुटातून रक्त येत होतं. पंचविसाव्या किलोमीटरला त्याच्या टाचेला फोड आला होता, तेव्हापासून तो तो पाय घासत पळत होता. तो एका शाळेत गणिताचा मास्तर होता. चष्म्यावर पाणी, ओठ निळे, पण चेहरा आनंदानं फुललेला.

"बाई, तुमचे उपकार कसे फेडू," तो म्हणाला. "तुमची पाठ नसती तर मी तिथेच बसलो असतो. आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ आली माझी. आधीच्यापेक्षा आठ मिनिटांनी."

वहिनी त्याच्या पायांकडे बघत राहिली.

दादा दोन टॉवेल घेऊन आला. एक त्यानं बायकोच्या अंगावर टाकला. दुसरा हातातच राहिला. "आणि ही कुठे?" त्यानं विचारलं. असं विचारलं, जसं चिमणी कुठेतरी लपून बसली असेल आणि आता भॉक करेल.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. तिसऱ्या मजल्यावरची परिचारिका होती. ती धुलाईघरातल्या दोघींना ओळखायची. "तुमच्या बहिणीला इथे आणलंय," ती म्हणाली. "या. ओल्या कपड्यांनीच या."

चिमणी शुद्धीवर होती. डॉक्टरांनी दादाला बाहेर नेऊन सांगितलं की तापानं तिच्या हृदयाला सूज आली होती, तशात ती पावणेतीन तास धावली, वर हा गारठा. आता बघू. डॉक्टर बघू म्हणाले की त्याचा अर्थ काय, हे त्या रुग्णालयात काम करणाऱ्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

वहिनी खाटेशी बसली. चिमणीखालच्या चादरीवर तिची नजर गेली. चादरीला घडीची रेघ अजून होती, आणि वॉर्डाच्या आकड्याचा कोपरा आत दुमडलेला. धुलाईघरात असा कोपरा एकटी चिमणी दुमडायची. रोग्याला आकडा दिसू नये, आपण मोजलेले आहोत असं त्याला वाटू नये, म्हणून. शुक्रवारची घडी होती ती. तिची तिनेच घातलेली.

"किती?" चिमणीनं विचारलं.

"गप पड."

"सांग की. मी काय दागिने मागतेय का?"

"तीन अठ्ठावन्न."

चिमणी हसली. "बघ. मी नसले की कशी पळतेस."

"तू होतीस," वहिनी म्हणाली. "मला पाय ऐकू येत होते तुझे. शेवटपर्यंत."

चिमणीनं मान तिच्याकडे वळवली. "कुणाचे गं होते?"

"एका मास्तरांचे."

मग चिमणी इतकी हसली की हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या यंत्रावरची रेघ वेडीवाकडी झाली आणि परिचारिका धावत आली. "अगं बाई," ती श्वास गोळा करत म्हणाली, "परपुरुषाला नणंद समजून बारा-तेरा किलोमीटर घेऊन आलीस. दादाला सांगू का?"

वहिनीला हसू येईना. तिनं चिमणीचा हात दोन्ही हातांत धरला. "हाक का नाही मारलीस? नियम होता ना. मी थांबले असते."

"म्हणूनच नाही मारली," चिमणी म्हणाली. "थांबली असतीस म्हणून. दोघींतल्या एकीनं तरी चारच्या आत जायला हवं होतं. आता झोपू दे मला. आणि कपाटावर लिही. माझं अक्षर वाकडं येतं, तूच लिही."

सोमवारी पहाटे धुलाईघरातला पहिला गाडा निघायच्या वेळेला चिमणी गेली. देवानं तिला झोपेतच उचललं. पाखरू उचलावं तसं, अलगद. हे मी माझ्या समाधानासाठी म्हणतो आहे, हे मला कळतं. वहिनीला त्यातून समाधान मिळालं नाही.

ती आठ दिवसांनी कामावर गेली. गाड्याच्या मागे दुसरी बाई दिली होती. बोळात पहिल्या वळणावर वहिनी थांबली, गाडा सोडला आणि वळून पाहिलं. चादरींचा ढीग दिसला. ती बाजूला होऊन ढिगामागे गेली, त्या बाईचं तोंड नीट बघितलं, आणि परत पुढे येऊन ओढायला लागली. दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. बाकीच्या बायका कुजबुजल्या. मुकादमानं बघितलं आणि चालू दिलं. कपाटाच्या दारावर मात्र वहिनीनं काही लिहिलं नव्हतं. एकीनं तरी जायला हवं होतं, असं चिमणी म्हणाली होती. मग ती वेळ लिहायला हवी होती. पण शाईची बाटली हातात घेतली की तिला तो मागे केलेला रिकामा हात आठवायचा.

पुढच्या रविवारी दुपारी मास्तर घरी आला. वर्तमानपत्रात बातमी वाचून पत्ता शोधला होता. दादा बसवर होता. वहिनी बाहेरच्या खोलीत चिमणीच्या अंथरुणाच्या चादरी घडी करत बसली होती. मास्तर आधी दारातच उभा राहिला, मग लंगडत आत आला, बसला नाही.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "सांगितल्यावर तुम्ही हाकलून दिलंत तर जाईन."

वहिनीनं चादर झटकली. "सांगा."

"पुलाच्या आधी, पाण्याच्या टेबलापाशी. त्या तुमच्या मागे होत्या, मी त्यांच्या मागे. त्या बाजूला झाल्या, टेबल धरलं. आणि त्यांनी हाक मारली. 'वहिनी' म्हणून." त्यानं चष्मा काढून पुसला. "तुम्हाला ऐकू जाणं शक्य नव्हतं, वारा समोरून होता. मला ऐकू आलं. मला कळलं की तुम्हालाच आहे. मी दोन पावलं पळून तुमच्या खांद्याला हात लावू शकलो असतो."

वहिनीची घडी अर्ध्यावर थांबली.

"पण मग तुम्ही थांबला असता. तुमची पाठ गेली असती, आणि माझी वेळ. म्हटलं, टेबलाशी माणसं आहेत, बघतील. मी त्यांच्या जागी येऊन पळायला लागलो. वर्गात मुलांना शिकवतो मी, एक वजा केला की किती उरतात."

चादर हातात तशीच होती. चिमणीनं हाक मारली होती तर. मारली होती, आणि खाटेवर पडून खोटं बोलली होती, जाता जाता, हसत हसत. वहिनीच्या मानेवर आयुष्यभराचं ओझं पडू नये म्हणून तिनं तो शेवटचा कोपराही आत दुमडून ठेवला होता.

"किती वेळा मारली?" वहिनीनं विचारलं.

"तीन."

"आवाज कसा होता? घाबरलेला होता?"

मास्तरानं डोळे मिटले. खोटं बोलून सुटका करून घेण्याची ती वेळ होती, पण तो खरंच आठवत होता. "पहिल्या दोन जोरात होत्या," तो म्हणाला. "तिसरी नाही. घरात आतल्या खोलीत कुणी असलं आणि आपण बाहेरून हाक मारतो ना, नुसतं आहे का बघायला, तशी."

वहिनी उठून उभी राहिली. रस्त्यावरून एक बस गेली, काचा थरथरल्या. मग तिनं चादरीची दोन टोकं मास्तरापुढे केली. त्यानं ती धरली. दोघं मागे सरकली, चादर ताणली गेली.

"कोपरे उलटे धरलेत," वहिनी म्हणाली. "अंगठा आत घ्या. आता माझ्याकडे या."

तो लंगडत आला. टप्-खस. तिनं त्याच्या हातातून कोपरे घेतले आणि तिथेच चादरीत तोंड घालून रडली. मास्तर हात तसेच वर धरून उभा राहिला, सोडायचे की नाही हे न कळून. तिनं त्याला हाकलून दिलं नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. पाच चादरी होत्या, पाचही त्याच्याकडून घडी करून घेतल्या. जाताना एवढंच म्हणाली, "तुम्हालाही थंडी वाजत होती, हे मला ठाऊक आहे. पण परत येऊन सांगत जा मला. तो आवाज." आणि तो येतो. अजून येतो, महिन्यातून एकदा, सांगतो आणि जातो.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं कपाट उघडलं, काळी शाई घेतली. गेल्या वर्षीच्या ओळीखाली, घड्याळात साठलेली वेळ बघून, तिनं लिहिलं, एकोणतीस किलोमीटर, दोन तास त्रेचाळीस मिनिटं, दोघी. तिथपर्यंत पाय चिमणीचे होते. तीन अठ्ठावन्न तिनं कुठेही लिहिलं नाही. ती त्यानंतर शर्यतीत पळाली नाही. गाडा मात्र ओढते, आणि दोन्ही वळणांवर थांबून मागे जाऊन येते. मुकादमानं त्यासाठी वेळापत्रकात चार मिनिटं वाढवून दिली आहेत.

एवढीच गोष्ट. आता उठाल, दिवे घालवाल, घरी निघाल. वाटेत मागून कुणाचे पाय वाजले तर एकदा मान वळवून बघा कोण आहे ते. आणि देवापुढे हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांच्या रांगेत शेवटी थोडी जागा ठेवून त्या चिमणीची आठवण काढा. तीन वेळा हाक मारून, मारलीच नाही म्हणणारी ती.